शासकीय संकेतस्थळांचे ग्रंथपाल



ग्रंथालयाच्या शताब्दी समारंभात संगणकाचा विषय काहींना परका वाटेल. परंतु देवघेव विभागात चार दिवस बसलेल्या कोणालाही त्यातील अडचण तत्काळ उमगेल. पुस्तक कपाटात असणे आणि ते वाचकाच्या हाती पडणे, या दोन भिन्न गोष्टी होत. शासकीय संकेतस्थळांच्या व्यवस्थापकांपुढे नेमका हाच प्रश्न उभा असतो.

या व्यवस्थापकाच्या हाती जबाबदारी असते, अधिकार मात्र बेताचाच. मजकूर प्रत्येक शाखेकडून येतो. तो शाखेच्या भाषेत लिहिलेला असतो आणि शाखांच्याच क्रमाने मांडला जातो. कालबाह्य परिपत्रक काढून टाकण्यास कोणी सही देत नाही. निवृत्तिवेतनासाठी अर्ज करू पाहणाऱ्या वृद्धेला मात्र शाखांची नावे ठाऊक नसतात. जुना नमुना भरून ती रांगेत उभी राहते आणि रिकाम्या हाती परतते.

अमेरिकेत २२ सप्टेंबर २००० रोजी ‘फर्स्टगव्ह’ हे संघशासनाचे सामाईक प्रवेशद्वार सुरू झाले. दार एक झाले, तरी आतील दालने ज्याची त्याचीच राहिली. निरनिराळ्या खात्यांतील व्यवस्थापक मग एकमेकांना विचारू लागले. एकाने सोडविलेली अडचण दुसऱ्याने नव्याने का सोडवावी, हा त्यामागील साधा विचार होता. २००२ च्या ई-शासन कायद्याने या सहकार्याला आधार दिला आणि डिसेंबर २००४ मध्ये सर्व खात्यांसाठी समान धोरण जाहीर झाले. सुबोध शासकीय लेखनाचा कायदा २०१० मध्ये झाला. तरीही २०११ मध्ये ‘गव्ह’ या प्रत्ययाची सुमारे २,००० नावे वापरात असल्याचे आढळले आणि नवी नावे देणे काही काळ थांबवावे लागले.

सहकार्य तुटले म्हणजे काय घडते, हे १ ऑक्टोबर २०१३ रोजी दिसले. आरोग्यविम्याच्या नोंदणीसाठी उभारलेले ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ पहिल्याच दिवशी कोलमडले. त्या दिवशी अवघ्या सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली. अनेक कंत्राटदारांनी आपापला भाग केला होता. सगळे भाग जुळतात की नाही, हे पाहणारा एक जबाबदार हात नव्हता. पुढे जाणकार एकत्र बसले, रोजच्या रोज दोष शोधू लागले, तेव्हा व्यवस्था मार्गी लागली.

ब्रिटनने निराळी वाट धरली. १७ ऑक्टोबर २०१२ रोजी तेथे एकच मध्यवर्ती संकेतस्थळ सुरू झाले आणि २०१४ अखेरपर्यंत ३०० हून अधिक संस्थांचा मजकूर त्यात सामावला गेला. नागरिकाची भटकंती कमी झाली. परंतु विशेष विषयांच्या अभ्यासकांना हवा तो बारकावा सापडेना, अशीही तक्रार झाली.

भारतात राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र १९७६ पासून कार्यरत आहे. शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली आणि २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती निघाली. मराठी वाचकाची अडचण अधिक मूलभूत होती. प्रत्येक कार्यालयाचा फॉन्ट वेगळा; तो संगणकावर नसला की शासननिर्णयाच्या जागी अगम्य चिन्हे उमटत आणि शोध घेणे अशक्य होई. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासूनच स्थान होते. भारत शासनाने ई-शासनासाठी ते मानक ठरविले नोव्हेंबर २००९ मध्ये. मुंबईचा निर्णय इंदूर वा बेळगावात वाचू पाहणाऱ्याला या एका निर्णयाचे मोल अधिक कळेल. मात्र जेथे कागदाचे केवळ छायाचित्र चढविले जाते, तेथे आतील शब्द शोधयंत्राला किंवा अंध वाचकाच्या वाचनयंत्राला सहज उमगत नाहीत.

असे सहकार्य टिकतेच असे नाही. अमेरिकेत २०१४ मध्ये खात्यांच्या मदतीसाठी स्थापन झालेले ‘एटीन-एफ’ हे पथक मार्च २०२५ मध्ये बंद करण्यात आले. माणसे गेली, परंतु त्यांनी लिहून ठेवलेल्या कार्यपद्धती इतरांनी उचललेल्या होत्या. शंभर वर्षांत ग्रंथालयाचेही ग्रंथपाल बदलतात. पुढचा ग्रंथपाल पहिल्याच दिवशी कामाला लागू शकतो, तो मागच्याने नीट लिहून ठेवलेल्या ग्रंथनोंदवहीमुळे. शासकीय संकेतस्थळालाही अशीच नोंदवही हवी आणि ती शेजारच्या खात्यालाही उघडून पाहता आली पाहिजे.