नोकरी सांभाळून प्रवेशपरीक्षा : वेळ कोणी द्यावा?



पदवी हाती आली, नोकरी लागली, की घरच्यांना हायसे वाटते. तथापि दोन-तीन वर्षांनी तोच मुलगा वा तीच मुलगी एम.बी.ए.च्या प्रवेशपरीक्षेची पुस्तके उघडून बसते, तेव्हा घरात पहिला प्रश्न उमटतो : "चांगली नोकरी असताना आता हे कशाला?" विचारणाऱ्याच्या मनात काळजीच असते, हे खरे, परंतु ऐकणाऱ्याचा त्या रात्रीचा अभ्यास तेथेच संपतो.

भारतीय व्यवस्थापन संस्थांची 'कॅट' ही परीक्षा गेली काही वर्षे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होत आली आहे. २०१९ पर्यंत ती तीन तासांची होती, २०२० पासून दोन तासांची झाली. भाषा, माहितीचे विश्लेषण आणि गणित असे तीन विभाग, प्रत्येकास नेमकी ४० मिनिटे. २०२५ साली एकूण ६८ प्रश्न होते. बरोबर उत्तरास ३ गुण, आणि पर्याय दिलेल्या प्रश्नात चुकल्यास १ गुण वजा. म्हणजे तीन चुका झाल्या की एका बरोबर उत्तराची कमाई गेली. व्यापाऱ्याला हा हिशेब समजावून सांगावा लागत नाही : न पटणारा सौदा सोडून देणे, हीही कमाईच होय.

यातील गणित बहुतांशी शालेय पातळीचेच असते. नोकरदाराची खरी अडचण निराळी आहे. सकाळी आठच्या बसने हिंजवडीला जाणारा तरुण रात्री आठला घरी परततो. जेवण उरकून दहाला पुस्तक उघडतो, ते थकलेल्या डोळ्यांनी. रात्रीचे दोन तास बसल्याचे समाधान मिळते, डोक्यात मात्र अर्ध्या तासाइतकेच उतरते. त्यापेक्षा पहाटेचा एकच तास घ्यावा. आठवड्याचे पाच दिवस एकेक तास आणि रविवारी पाच, असे दहा तास झाले. मेच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंतच्या २६ आठवड्यांत ते २६० होतात. आकडा लहान नाही. बसमधला वेळ शब्दांसाठी, वाचनासाठी वापरावा. कापडाच्या दुकानात कटपीस कोणी फेकून देत नाही. मात्र कटपिसातून शेरवानी होत नाही, हेही ध्यानात असावे. सलग ४० मिनिटे बसण्याचा सराव सलग बसूनच होतो.

रविवारच्या पाच तासांपैकी दोन तास सराव परीक्षेचे आणि निदान तितकेच तिच्या तपासणीचे असावेत. येथेच बहुतेकांची चूक होते. परीक्षा देतात, गुण पाहतात आणि संगणक मिटतात. कोणता प्रश्न येत असून सुटला, कोणता येत नसताना सहा मिनिटे खाऊन गेला, याची नोंद वहीत झाली नाही, तर पुढच्या रविवारी तोच तोटा पुन्हा होतो.

काही जण जुलैमध्ये नोकरीच सोडतात. घरची ऐपत असली तरी हा निर्णय घाईचा वाटतो. कॅटचे गुण एकाच वर्षाच्या प्रवेशासाठी चालतात. यश न मिळाल्यास नोकरीही गेलेली असते. शिवाय अनेक आय.आय.एम. निवडीच्या वेळी कामाच्या अनुभवालाही महत्त्व देतात. महाराष्ट्राची सी.ई.टी. ही दुसरी वाट आहेच. तीत चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहीत. ती २०२४ साली मार्चमध्ये आणि २०२५ साली एप्रिलमध्ये झाली; त्यामुळे नोव्हेंबरची तयारी वाया जात नाही.

परंतु तो पहाटेचा तास येतो कोठून? मुलगा उठतो, तेव्हा त्याचा डबा दुसरे कोणीतरी भरत असते. नोकरी करणारी सून उठते, तेव्हा बहुधा तिचा तो तास डबे भरण्यातच जातो. तिने परीक्षा द्यावी, असे घराला मनापासून वाटत असेल, तर सहा महिने ते डबे दुसऱ्या हातांनी भरले पाहिजेत. क्लासची फी भरून ही जबाबदारी फिटत नाही. रविवारचे साखरपुडे, बारशी, पाहुण्यांची ये-जा यांतूनही तिला मोकळे ठेवावे लागेल. लोक काय म्हणतील, ते सासूबाईंनी ऐकून घ्यावे.

आणि एक शब्द पेढीवाल्यांसाठी, कारण या सभागृहात ते बरेच आहेत. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते, दुकानात उभे राहायला जागा नसते, आणि नेमक्या त्याच दिवसांत हिशेब पाहणारा पदवीधर मुलगा भीतभीत रविवारची सुट्टी मागतो. "परीक्षा दोनच तासांची ना? मग अर्धा दिवस घे," असे उत्तर त्याला सहज मिळते. ती परीक्षा २०२५ साली सकाळी साडेआठ, दुपारी साडेबारा आणि सायंकाळी साडेचार अशा तीन सत्रांत झाली. सत्र उमेदवाराला निवडता येत नाही. ते प्रवेशपत्रावर छापून येते, आणि प्रवेशपत्र नोव्हेंबरमध्येच हाती पडते. केंद्रही दुसऱ्या शहरात येऊ शकते. तेव्हा त्याला पूर्ण रविवार द्यावा, आणि शक्य असल्यास आदला शनिवारही.