दारचे पिल्लू आणि पोटातले जंत



आपल्या करमाडात वस्तीवर कुत्रे लागतेच. पिल्लाचे पोट नगाऱ्यासारखे फुगले, की आपण म्हणतो, "कसं गुटगुटीत आहे!" पण नीट बघा. बरगड्या दिसतात? केस राठ झालेत? पातळ शी होते? ओकारीत शेवयांसारखे जंत पडतात? मग ते बाळसे नव्हे. पोटात जंत झालेत. दुर्लक्ष केले तर पिल्लू दगावते.

हे जंत पिल्लाला आईच्या पोटातच लागतात. दुधातूनही येतात. म्हणून पिल्लू १५ दिवसांचे झाले, की जंताचे औषध द्या. पुढे ३ महिन्यांचे होईपर्यंत दर १५ दिवसांनी द्या. आईलाही द्या. औषधाचे माप वजनावर ठरते. ते जनावरांच्या डॉक्टरांना विचारा. माणसाची गोळी अंदाजाने देऊ नका.

यात आपल्या लेकरांचेही हित आहे. कुत्र्याच्या शीतली जंताची अंडी मातीत मिसळतात. ती डोळ्यांना दिसत नाहीत. मूल मातीत खेळते, तोच हात तोंडात घालते. अंड्यातली अळी अंगात फिरते. कधी डोळ्यात जाते, नजर अधू करते.

ही अंडी बाधायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून शी रोजच्या रोज उचला, खोल पुरा. जेवणाआधी मुलांचे हात साबणाने धुवा.

देशात २०१५ साली जंतनाशक दिन सुरू झाला. शाळेत, अंगणवाडीत मुलांना गोळी देतात. पिल्लाची आठवण मात्र आपणच ठेवायची. आता लिहिता येते ना? मग दिनदर्शिकेवर औषधाची तारीख आजच लिहा.