आधी घरचा वाटा, मग बाजार



आज आपल्याच ताटाविषयी बोलू. जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात भात, नाचणी, वरई, खुरासणी पिकते. सुगी सरली की पोती बाजारात जातात. आणि त्याच बाजारातून पिशवीत काय येतं? मैद्याची बिस्किटं, खारी, शेवयांची पाकिटं. सकाळी पोराच्या हातात चहा-बिस्किट. सकस ते विकतो आणि हलकं ते विकत आणतो, हे गटाच्या बैठकीत निघालं तेव्हा आम्ही सगळ्याच गप्प झालो.

१०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पांढऱ्या तांदळात १० च्या आसपास. तांदूळ पॉलिश केला की कोंड्याबरोबर जीवनसत्त्वंही जातात.

मग आपण हे का सोडलं? एक तर लाज. काळी भाकरी म्हणजे गरिबी, असं ऐकत आलो. दुसरं म्हणजे कष्ट. वरई कांडून खांदे भरून येतात, हे आम्हाला कुणी सांगायला नको. म्हणून कुणा बाईला आळशी म्हणायचं नाही.

आमच्या गटाने ठरवलं ते असं. पोतं शिवण्याआधी वर्षभराचा घरचा वाटा कणगीत टाकायचा. वरईचं कांडण एकटीवर नको. चार घरांनी मिळून करायचं, घरच्या पुरुषांनीही हात लावायचा. नाचणीचं पीठ रात्री भिजवून सकाळी आंबील करायची. नाचणीला मोड आणले तर तिच्यातलं लोह अंगी जास्त लागतं. भाकरीसोबत चहा नको, तो लोह अडवतो. तासाभराने प्यावा. पूर्वेकडच्या मैत्रिणींनी हेच बाजरीचं करावं. पावसाळ्यात कुर्डू, भारंगी, चाई आहेच. पण ओळखीचीच भाजी खुडायची.

रक्त कमी असेल तर आशाताईंनी दिलेल्या गोळ्या मात्र बंद करू नका. भाकरी गोळीची जागा घेत नाही.

२०२३ हे वर्ष जगाने भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं. शहरात नाचणीला मान आला, भाव आला. भाव मिळाला तर जरूर विकूया, पण घरचा वाटा काढून.

पुढच्या बैठकीला येताना एवढंच सांगा: तुमच्या कणगीत यंदा किती पायली नाचणी राहिली?