दुखापतींचे शास्त्र आणि सरकारी तिजोरी

आजारांवरील संशोधनाला सरकारने पैसा पुरवावा, हे सहज पटते. परंतु वाहनांचे अपघात, बुडणे, भाजणे किंवा गोळी लागणे यांकडे नशिबाचा खेळ म्हणून पाहण्याची सवय जगभर असल्याने, या घटनांचेही शास्त्र असू शकते हे फार उशिरा मान्य झाले. अमेरिकेतील डॉक्टर विल्यम हॅडन यांनी दुखापतीची व्याख्याच वेगळी मांडली : शरीराला सोसवेल त्याहून अधिक ऊर्जा शरीरावर आदळली की दुखापत होते. म्हणून चालकाला दोष देऊन न थांबता ती ऊर्जा वाटेतच कशी जिरवता येईल, हे शोधले पाहिजे. 1966 मध्ये हॅडन तेथील नव्या महामार्ग सुरक्षा यंत्रणेचे प्रमुख झाले. पूर्वी समोरासमोर टक्कर झाली, की स्टिअरिंगचा ताठ दांडा चालकाच्या छातीत घुसत असे. 1968 पासून नव्या मोटारींत तो दाबला जाऊन धक्का शोषून घेईल अशा रचनेचा असावा, असे बंधन आले.

अशा संशोधनाला खाजगी पैसा क्वचितच मिळतो, कारण औषध विकता येते, पण न झालेला अपघात कोणाला विकणार? त्यामुळे हा भार सरकारी तिजोरीवर पडतो, आणि तिजोरीची किल्ली राजकारण्यांच्या हाती असते.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेत, म्हणजे सीडीसीत, 1992 मध्ये दुखापत प्रतिबंधासाठी स्वतंत्र केंद्र स्थापन झाले. पुढच्याच वर्षी, याच संस्थेच्या निधीतून झालेल्या आर्थर केलरमन यांच्या अभ्यासात, घरात बंदूक असल्यास त्या घरात खून होण्याचा धोका सुमारे 2.7 पट आढळला. बंदूकधारकांची बलाढ्य संघटना यावर खवळली आणि तिने हे केंद्रच बंद करण्याचा आग्रह धरला. केंद्र वाचले, मात्र 1996 मध्ये आर्कान्सासचे खासदार जे डिकी यांच्या पुढाकाराने विनियोजन विधेयकात, म्हणजे सरकारी खर्चाला मंजुरी देणाऱ्या विधेयकात, सीडीसीचा दुखापत प्रतिबंधाचा निधी बंदूक नियंत्रणाच्या प्रचारासाठी वापरता येणार नाही, असे एक वाक्य घातले गेले. त्याच वेळी बंदुकांवरील संशोधनावर आदल्या वर्षी खर्च झालेली 26 लाख डॉलरची रक्कम नेमकी कापून मेंदूच्या दुखापतींच्या अभ्यासाकडे वळवली गेली.

या वाक्याने संशोधनावर बंदी घातली नव्हती, हे ध्यानात घ्यावे लागते. पण प्रचार कशाला म्हणायचे हे स्पष्ट नसल्याने आणि कापलेली रक्कम डोळ्यांसमोर असल्याने अधिकाऱ्यांनी विषयच टाळला, आणि उघड बंदीने जे साधले असते ते धास्तीनेच साधले. अनुदान नाही म्हटल्यावर तरुण संशोधकही या वाटेला फारसे फिरकले नाहीत. मोटारींच्या बाबतीत मात्र पैसा आणि नोंदी अखंड मिळत राहिल्या, आणि प्रवासाच्या अंतराशी तुलना करता रस्त्यांवरील मृत्यूंचे प्रमाण 1960च्या दशकातल्या प्रमाणाच्या पावपटीच्या आसपास आले. त्यासाठी मोटारी कोणी काढून घेतल्या नव्हत्या; म्हणजे संशोधनासाठी वस्तूवर बंदी घालावी लागत नाही.

हेच पुढे खुद्द डिकी यांना पटले. 2012 मध्ये त्यांनी, एकेकाळी ज्याला विरोध केला होता त्या केंद्राचे माजी प्रमुख मार्क रोझेनबर्ग यांच्यासोबत, संशोधन पुन्हा सुरू करण्याची मागणी करणारा लेख लिहिला. 2018 मध्ये बंदुकीच्या हिंसेच्या कारणांच्या अभ्यासाला मनाई नसल्याचा खुलासा झाला आणि 2020 या आर्थिक वर्षासाठी या संशोधनाला अडीच कोटी डॉलर मंजूर झाले. परंतु डिकी यांचे ते वाक्य त्याही वर्षीच्या कायद्यात कायम राहिले.