प्राध्यापकाची जागा



सेट परीक्षा उत्तीर्ण होऊन चार वर्षे लोटलेला आमच्या शेजारचा एक तरुण, प्रमाणपत्रांची फाईल काखेत घेऊन मुलाखतीस निघताना, पूर्वीच्या लोकांना प्राध्यापकाच्या जागा कशा मिळत, असे मला विचारता झाला. मी हसून वेळ मारून नेली. परंतु पुढे दिवसभर मला अण्णासाहेब कर्वे आठवत राहिले.

टिळकांनी 1890 मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडल्यानंतर, मुंबईत शाळा आणि शिकवण्या यांवर निर्वाह करणाऱ्या कर्व्यांना, एल्फिन्स्टन कॉलेजातील त्यांचे सहाध्यायी गोखले यांनी 1891 मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकविण्यास बोलावून घेतले. जाहिरात नाही, छाननी नाही. पदवी म्हणाल तर नुसती बी.ए.ची, जिच्यावर आज अर्जसुद्धा स्वीकारला जाणार नाही! पुढच्याच वर्षी ते आजीव सदस्य झाले, म्हणजे दरमहा 75 रुपयांच्या मुशाहिऱ्यावर 20 वर्षे संस्थेची सेवा करण्यास त्यांनी स्वतःस बांधून घेतले.

या पद्धतीचे गोडवे आपण पुष्कळ गातो, आणि तिच्यातील त्याग मलाही वंदनीय वाटतो; तथापि ज्याचा सहाध्यायी गोखले नव्हता, अशा खानदेशातील एखाद्या बुद्धिमान मुलाने कोणाच्या बोलावण्याची वाट पाहावी? म्हणून जाहिरात, बिंदुनामावली, निवड समिती या रुक्ष दफ्तरी सोपस्कारांचा मी, थट्टा सोसूनही, कैवार घेतो. अनोळखी माणसास दार ठोठावण्याचा हक्क त्यांनीच दिला.

मात्र जागा मिळणे निराळे आणि ती कायम असणे निराळे. 1893 मध्ये कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला, तेव्हा मुरूडच्या ग्रामस्थांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला, ज्या घरात ते वाढले तेथे सुखाने राहणेही दुरापास्त झाले. परंतु फर्ग्युसनमधील त्यांचे गणिताचे तास त्या विवाहामुळे बंद पडले नाहीत, ते 1914 पर्यंत चालले. त्या पाऊणशे रुपयांचे मोल मला येथे कळते.

आमच्या त्या तरुणाची निवड झाली, तासिका तत्त्वावर. जितके तास तितके पैसे, सुटीत काही नाही, आणि शैक्षणिक वर्ष संपताच नेमणूक आपोआप संपुष्टात येईल, असे हुकुमातले शेवटचे कलम. पेढे देताना त्याने तो कागद मला वाचावयास दिला, आणि घडी मात्र अशी घातली होती, की ते कलम आतल्या बाजूस राहावे.