सीग्रॅम इमारतीपुढची मोकळी जागा

न्यूयॉर्कच्या पार्क ॲव्हेन्यूवर १९५८ साली पूर्ण झालेली सीग्रॅम इमारत आधुनिक वास्तुकलेचा मानदंड मानली जाते. ३८ मजले, ब्राँझचे आवरण, व्हिस्कीच्या रंगाची काच. मद्याचा व्यापार करणाऱ्या सॅम्युअल ब्रॉन्फमन यांना आपल्या सीग्रॅम कंपनीची कचेरी हवी होती. आधीचा आराखडा त्यांच्या मुलीला, फिलिस लॅम्बर्ट यांना, अजिबात पटला नाही. त्यांनी वडिलांना लांबलचक पत्र लिहून खडसावले आणि मीस व्हॅन डर रोह या जर्मन-अमेरिकन वास्तुविशारदाला हे काम मिळवून दिले. फिलिप जॉन्सन त्यांचे सहकारी होते. पण या इमारतीचे खरे मोठेपण काचेत किंवा ब्राँझमध्ये नाही, न बांधलेल्या जागेत आहे. मीस यांनी इमारत रस्त्यापासून सुमारे ९० फूट मागे घेतली आणि पुढे ग्रॅनाइटचे पटांगण सोडले. १९१६ च्या नियमांनुसार भूखंडाच्या चौथ्या हिश्श्यावर कितीही उंच जाता येई, उरलेल्या भागात मात्र वर जाताना पायरीपायरीने मागे सरावे लागे. बहुतेक मालक या पायऱ्यांचा शेवटचा इंचही भाड्याने देत. इथे पायऱ्याच टाळल्या, म्हणून मनोरा जमिनीपासून सरळ वर गेला.

यावर जाणकार म्हणतील की मीस यांची ख्याती तर प्रामाणिक बांधणीसाठी आहे. पण नेमकी तीच इथे संशयास्पद आहे. आगीच्या नियमांमुळे पोलादी खांब-तुळया काँक्रीटमध्ये झाकाव्या लागल्या, आणि बाहेर जे उभे ब्राँझचे पट्टे दिसतात ते इमारतीचे वजन पेलत नाहीत. म्हणजे जी रचना दाखवता येत नव्हती तिचे चित्र भिंतीवर लावले, आणि तेही अशा धातूत की तो हिरवा पडू नये म्हणून नियमित तेल लावत बसावे लागते! हा दोष मला मान्य आहे. आणि म्हणूनच या शैलीच्या नकला सोप्या झाल्या; पट्टे आणि काच कोणीही लावतो. दुसरा आक्षेप असा की पटांगण म्हणजे कंपनीची दिमाखदार जाहिरात. असेलही. पण ज्या रस्त्यावर चौरस फुटाला मोल आहे, तिथे भाड्यावर पाणी सोडून केलेली जाहिरात शहराच्या पदरात काहीतरी टाकते, फलक तेवढे टाकत नाही.

न्यूयॉर्क महापालिकेला हे उदाहरण इतके भावले की १९६१ च्या नव्या नियमांत तिने त्याचा सौदाच केला: पटांगण सोडा आणि वाढीव चटईक्षेत्र घ्या. सोडलेल्या एका चौरस फुटामागे दहा चौरस फुटांपर्यंत जादा बांधकाम! बिल्डरांनी जागा सोडल्या, पण त्यांतल्या कित्येक ओसाड, वाऱ्याने झोडपलेल्या, बसायला धड कठडाही नसलेल्या. विल्यम व्हाइट या अभ्यासकाने १९७० च्या दशकात कॅमेरे लावून लोक कुठे थांबतात ते पाहिले. उत्तर हास्यास्पद वाटावे इतके साधे होते: जिथे बसायला जागा, तिथे माणसे. सीग्रॅमच्या पायऱ्या आणि पाण्याच्या टाक्यांभोवतीचे बुटके कठडे दुपारी भरलेले असत. त्या निरीक्षणांचा आधार घेत १९७५ मध्ये पटांगणांत आसने सक्तीची झाली. नियमाने क्षेत्रफळ विकत घेता येते, औदार्य नाही, असे मी म्हणतो. पण नियमच नकोत असा त्याचा अर्थ नव्हे, कारण बिल्डर आपणहून कठडेही बांधत नव्हते. मोजायचेच असेल तर जागेचा वापर मोजा, एवढाच माझा आग्रह.

आणि नकलांना बक्षीस देणाऱ्या त्याच शहराने मूळ इमारतीशी कसे वागावे? करआकारणी करताना भाड्याच्या उत्पन्नापेक्षा बांधकामावर झालेल्या सुमारे ३ कोटी ६० लाख डॉलरच्या खर्चाला जास्त महत्त्व दिले गेले. साधेपणाने बांधले असते तर कर कमी पडला असता, ही कंपनीची तक्रार १९६४ मध्ये राज्याच्या अपील न्यायालयानेही मानली नाही. प्रतिष्ठेलाही किंमत असते, हा त्यामागचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. मात्र पुढे इमारत बांधू पाहणाऱ्या मालकाने त्यातून काय हिशेब केला असेल, ते सांगायला नको.