दुसरा सिंथ कोणता घ्यावा?



दुबई-अबुधाबीतल्या महाराष्ट्र मंडळांत गणपती आले, की कीबोर्डवाला आलाच.
त्याच्याकडे बहुधा एक अरेंजर असतो.
तबला, बासरी, ताल... सगळं एकाच वाद्यात.

मग दुसरा सिंथ कशाला?
पहिल्याला जमत नाही, तेवढ्यासाठीच.

आखातातलंच उदाहरण घ्या.
अरबी संगीतात ‘बयाती’ नावाचा मकाम आहे, आपल्या रागासारखा.
त्यातला दुसरा स्वर आपल्या कोमल आणि शुद्ध रिषभाच्या साधारण मधोमध बसतो.
साध्या कीबोर्डवर त्यासाठी पट्टीच नाही!
म्हणून यामाहाने ‘पीएसआर-ए ५०००’ काढला.
कॉर्गने ‘पीए’ मालिकेत ओरिएंटल मॉडेलं आणली.
बटण दाबलं, की हवा तो स्वर पाव स्वराने उतरतो.
अरबी मित्रांबरोबर वाजवणाऱ्याला हे सोन्याहून पिवळं.

आणि असा कीबोर्ड आधीच घरात असेल तर?
मग उलट दिशेला पाहावं.
कॉर्गचा ‘मिनिलॉग’ २०१६ साली आला.
अ‍ॅनालॉग सिंथ. एका वेळी चारच स्वर. तबला नाही, ढोलकी नाही.
पण बटणं फिरवत आवाज स्वतः घडवता येतो, आणि ती मजा अरेंजरमध्ये क्वचितच.

पुन्हा सांगायचं तर, पहिल्याला जमत नाही, तेवढ्यासाठीच दुसरा.

दोन्ही वाद्यं मिडी केबलने जोडता येतात.
मात्र पाव स्वराची ती सोय केबलमधून पलीकडे जाईलच, असं नाही.

आणि भारतातून अमिरातीत वाद्य नेणाऱ्यांसाठी...
वीज दोन्हीकडे सारख्याच दाबाची.
अमिरातीतल्या प्लगला मात्र तीन चौकोनी पिना.
पिशवीत अडॅप्टर हवाच.